घाटाखालचे गाव आणि आपण

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा माझ्याकडे लेख मागितला तेव्हा 'एखादे प्रवासवर्णन द्या' अशी प्रेमळ सूचनाही केली. आपल्या संघटनेच्या स्मरणिकेत प्रवासवर्णनांची परंपरा मोठी आहे. स्वित्झर्लंडचे बर्फ, सिंगापूरची स्वच्छता, काश्मीर आणि केरळ ही सर्व स्थळे आपल्या सभासद बंधुभगिनींनी यापूर्वीच मनोभावे वर्णन केलेली आहेत. त्या पंक्तीत बसण्याजोगा प्रवास माझ्या गाठी नाही. मी ज्या गावाबद्दल लिहिणार आहे ते बेळगावहून अवघ्या ९०-९५ किलोमीटरवर आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने ते पाहिले आहे, पण बहुतेकांनी ते मोटारीच्या काचेतून पाहिले आहे. ते गाव म्हणजे सावंतवाडी.

सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेली गावे नेहमीच थोडी दुर्दैवी असतात. डोंगर पाहायला निघालेला माणूस वर आंबोलीलाच थांबतो, समुद्र पाहायला निघालेला माणूस थेट गोव्याला नाहीतर वेंगुर्ल्याला पोहोचतो, आणि मधले गाव फक्त चहापुरते उरते. गेली तीस वर्षे मी या रस्त्याने कोकणात आणि गोव्यात जात आलो. सावंतवाडीच्या मोती तलावाला वळसा घालताना दर वेळी मनात एकच विचार असे: आता किती किलोमीटर उरले? एकदा सौभाग्यवतीने विचारले, "इतकी वर्षे या गावातून जातोय, एकदा तरी गाडी थांबवली आहे का हो तुम्ही?" मी हसून वेळ मारून नेली. पुढे गाडी थांबवली ती पर्यटनाच्या हौसेने नव्हे. एका चुकीची टोचणी मनाला लागली होती, म्हणून थांबवली. ती चूक प्रथम सांगतो, कारण हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

काही वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात घाटाखालच्या एका वाडीतून एक आजोबा माझ्याकडे आले. जुना मधुमेह, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला न भरणारी जखम. त्यांची लेक आपल्याच भागात दिलेली, म्हणून तिने हट्टाने वडिलांना इकडे आणले होते. मी जखम साफ केली, साखर आटोक्यात आणली, चार दिवस ठेवून घेतले आणि घरी सोडताना दोन सूचना दिल्या. पहिली, दर आठ दिवसांनी ड्रेसिंगला यायचे. दुसरी सूचना मी नेहमीच्या अधिकारवाणीने दिली, "मध्ये दुसऱ्या कुणालाही ही पट्टी सोडू देऊ नका." आपण सर्वच जण असे म्हणत असतो. त्यामागे रुग्णाची काळजी असते आणि थोडा अहंकारही असतो.

पहिल्या आठवड्यात आजोबा आले. नंतर आले नाहीत. साडेतीन आठवड्यांनी आले तेव्हा वासावरूनच पुढचे समजले. पट्टी तीच होती, मी बांधलेली. अंगठा आणि शेजारची दोन बोटे काढावी लागली. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्यावर चांगलाच संतापलो. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरांनू, घाट बंद होतो. आणि तुम्हीच सांगितलास, दुसऱ्या कोणाक पट्टी सोडूक देव नको म्हणान."

त्यांच्या मालवणी बोलीत 'घाट बंद होतो' म्हणजे 'घाट बंद होता'. माझ्या कानांनी ते घाटावरच्या मराठीत ऐकले: घाट बंद होतो, म्हणजे दर पावसाळ्यात होतच असतो. दोन्ही अर्थ खरे होते. त्या जुलैत दरड कोसळून वाहतूक थांबली होती, मग काही दिवस एसटी सुटत नव्हती, आणि ती सुरू झाली तेव्हा शेतात लावणी चालू होती. त्यांच्या वाडीपासून चालण्याच्या अंतरावर एक डॉक्टर होता, आणि तालुक्याच्या गावी शासकीय रुग्णालयही होते. पण आजोबांनी माझा शब्द पाळला. बोटे त्यांच्या अज्ञानामुळे गेली नाहीत, माझ्या अज्ञानामुळे गेली. त्यांच्या आजाराची माहिती मला होती. ते राहतात कुठे, येतात कसे, आणि जुलै महिन्यात त्यांच्या आणि माझ्या मध्ये काय उभे असते, हे मला ठाऊक नव्हते. ज्या घाटातून मी शंभर वेळा गेलो होतो, तो घाट मी पाहिलेलाच नव्हता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही उभयता सावंतवाडीला गेलो आणि तीन दिवस राहिलो. पुढे पावसाळ्यातही एकदा मुद्दाम गेलो. त्या दोन भेटींत जे समजले ते आपणांसमोर ठेवतो.

बेळगावाहून हिंडलगा सोडले की थोड्याच वेळात शिनोळीला राज्याची हद्द ओलांडून आपण चंदगड तालुक्यात शिरतो. निपाणीकर मंडळींना संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा असा मार्ग सोयीचा. दोन्ही वाटा आंबोलीच्या परिसरात एकत्र येतात. आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर आहे आणि वर्षाला सुमारे साडेसात हजार मिलिमीटर पाऊस झेलते. आपल्यापैकी बरेच जण तिथे धबधब्याखाली भिजून परत येतात. पण तिथून थोड्या अंतरावर एका गुहेजवळ हिरण्यकेशीचे उगमस्थान आहे, आणि ही हिरण्यकेशी आपल्याला परकी नाही. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करीत ती घटप्रभेला मिळते आणि घटप्रभेतून कृष्णेत जाते. म्हणजे आंबोलीच्या माथ्यावर पडलेला एक थेंब पूर्वेला घरंगळला तर आपल्या शिवारातून बंगालच्या उपसागराकडे निघतो, आणि पश्चिमेला घरंगळला तर सावंतवाडीच्या बाजूने अरबी समुद्राला मिळतो. याच उगमाच्या कुंडात सापडलेल्या एका माशाचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले आणि त्याला नदीवरूनच 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नाव मिळाले. २०२१ साली त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आपल्या नदीच्या उगमाशी जगाला नवा असलेला मासा राहत होता आणि आपण जवळच उभे राहून कणसे खात होतो!

इतिहासातही हे नाते जुने आहे. बेळगावात 'रामघाट रोड' नावाचा रस्ता आहे. त्यावरून आपण रोज जातो, पण तो रामघाट कुठे आहे हे तरुण पिढीला विचारून पाहावे. आगगाडी येण्यापूर्वी वेंगुर्ला हे बेळगावचे बंदर होते. छावणीचे सैन्य आणि व्यापाऱ्यांचा माल वेंगुर्ल्याला उतरून रामघाटाच्या अवघड चढणीने वर येत असे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोली-आंबोलीचा गाडीरस्ता झाला आणि रामघाट मागे पडला. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांनी वखार घातली होती, तिचे भग्न अवशेष आजही आहेत. १८१२ साली हे बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले. रेल्वे आली, बंदर ओस पडले, आणि घाटाच्या दोन्ही अंगांची माणसे हळूहळू एकमेकांना विसरली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आपण सीमेच्या या बाजूस राहिलो आणि विस्मरण अधिकच पक्के झाले. सीमेचा प्रश्न त्याच्या जागी आहे, त्याविषयी आपल्या सर्वांच्या भावना तीव्र आहेत. परंतु ज्यांच्याशी आपली भाषा एक, नदी एक आणि रुग्णही एक, त्यांच्या घरी जायला कोणत्या न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागते?

आता प्रत्यक्ष गावाविषयी. घाट उतरून दाणोली मागे टाकले की हवा बदलते, जांभ्या दगडाची कौलारू घरे दिसू लागतात, आणि थोड्याच वेळात गाव समोर येते. गावाच्या मधोमध मोती तलाव, एका बाजूला राजवाडा, मागे नरेंद्र डोंगर. सकाळी साडेसहाला आम्ही तलावाभोवती फेरी मारली तेव्हा गावातील निम्मी वस्ती तिथे भेटली म्हटले तरी चालेल. निवृत्त शिक्षक, बँकेतील मंडळी, शाळेची मुले, कठड्यावर बसून वर्तमानपत्र वाचणारे वृद्ध. मधुमेहतज्ज्ञ म्हणून आपण रुग्णांना 'रोज चाला' असे सांगतो. गावाने चालण्याची जागा आधीच करून ठेवली असेल तर तो सल्ला किती सोपा होतो, हे तिथे कळले. बेळगावातील किल्ला तलावाकाठी फिरणाऱ्यांना हा आनंद ठाऊक आहे.

सुंदरवाडी हे या गावाचे जुने नाव. सावंत-भोसले घराण्याच्या या संस्थानचे अधिपती बापूसाहेब महाराज यांचे नाव आजही वृद्धांच्या तोंडून आदराने निघते. १९३७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कारभाराला महात्मा गांधींनी रामराज्य म्हटले होते असे तिथे अभिमानाने सांगितले जाते. १९४८ साली संस्थान विलीन झाले, सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात गेली, आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. राजधानीचे तालुक्याचे ठिकाण झालेले गाव एक तर कुरकुरत बसते, नाहीतर आपली रीत सांभाळून शांतपणे जगते. सावंतवाडीने दुसरा मार्ग पत्करला असे मला वाटले.

ती रीत पाहायची असेल तर राजवाड्याच्या दरबारात बसून गंजिफा रंगवणाऱ्या कारागिरांजवळ तासभर थांबावे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, एकूण १२० पाने. राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा खेळ रामाच्या पानापासून सुरू करायचा आणि रात्री कृष्णाच्या. ही कला लयाला चालली असता शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या आसपास ती पुन्हा उभी केली. जुने कारागीर शोधले, नव्यांना शिकवले आणि कामाला बाजार मिळवून दिला. राजमाता २०१८ साली निवर्तल्या, परंतु काम थांबले नाही. एक कारागीर सूक्ष्म कुंचल्याने कूर्मावताराचे डोळे काढीत होता. त्याच्या हाताची स्थिरता पाहून मला माझ्या नेत्रतज्ज्ञ मित्राची आठवण झाली. मी विचारले, "दिवसाला किती पाने होतात?" तो म्हणाला, "डोळे साथ देतील तितकी." या उत्तरात कलाही आहे आणि व्यवसायजन्य आरोग्याचा एक प्रश्नही आहे. आपण डॉक्टर आहोत म्हणून दुसराही ऐकू यावा.

चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकाने आहेत. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची भातुकली, पाट, पाळण्यावरची चिमणाळी, आणि खरी वाटावीत अशी रंगवलेली फळे. आपल्या आज्यांच्या रुखवतात मांडलेली केळी, सीताफळे, आंबे याच आळीतून घाट चढून येत असत. प्लॅस्टिकच्या खेळण्यांनी या धंद्याचे कंबरडे मोडले, पांगाराही पूर्वीसारखा मिळत नाही. तरी आळी टिकून आहे. सौभाग्यवतीने नातीसाठी भातुकली घेतली, आणि मी माझ्या दवाखान्यासाठी लाकडी फळांची एक परडी घेतली. आता ती माझ्या टेबलावर असते. मधुमेहाच्या रुग्णांना 'हे चालेल, हे नाही' समजावताना ती फार उपयोगी पडते.

जेवणाविषयी फार लिहीत नाही, कारण संपादकांनी शब्दमर्यादा घातली आहे. ओल्या काजूची उसळ, घावणे, शिरवाळे आणि सोलकढी या चार गोष्टींसाठी घाट उतरण्यात कोणतीही वैद्यकीय हरकत नाही, एवढेच नमूद करतो. कार्तिकानंतर आसपासच्या गावांत जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावताराचे खेळ चालतात. आम्ही एक खेळ पाहिला. संहिता लिहिलेली नसते, नट जागेवरच बोलतात, आणि पहाटे तीन वाजता राक्षसाच्या प्रवेशाला मांडीवरची मुले दचकून जागी होतात.

परंतु माझ्या भेटीतला सर्वांत मोलाचा तास होता तो तिथल्या एका व्यवसायबंधूच्या दवाखान्यात घालवलेला. मी स्वतःहून गेलो, ओळख करून दिली, आणि आजोबांची हकीगत सांगितली. ते जराही आश्चर्यचकित झाले नाहीत. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या भागातले रुग्ण बांबोळीला जातात, बेळगावला येतात, कोल्हापूरला जातात. परत आमच्याच दारात येतात. हातात एक कार्ड असते, त्यावर चार औषधांची नावे असतात. आपण काय केले, कशासाठी केले, पुढे काय बघायचे, यातले काही कळत नाही. विचारायला फोन नंबर असतो तो स्वागतकक्षाचा. आम्ही तुमचे स्पर्धक नाही हो, तुमचेच राहिलेले काम करणारे आहोत." या वाक्यानंतर चहा घशाखाली उतरणे कठीण झाले.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. २०१६ साली शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले. त्याआधी २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आढळले होते. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा आजार सह्याद्रीच्या कडेकडेने पसरला, आणि त्याने कोणत्याही राज्याची हद्द मानली नाही. गोचिडीच्या दंशाने तो होतो, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे काजूच्या हंगामातही, त्याचा जोर असतो. पावसाळ्यात भाताच्या खाचरांत राबणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. असा रुग्ण तापाने फणफणत आपल्या ओपीडीत येतो तेव्हा आपण रक्ताच्या दहा तपासण्या लिहितो. 'काजूच्या बागेत गेला होतात का?', 'लावणीला उतरला होतात का?' हे दोन फुकटचे प्रश्न मात्र राहून जातात. ज्याने ते मळे पाहिलेले नाहीत त्याला हे प्रश्न सुचणार कसे?

तिसऱ्या दिवशी आम्ही वेंगुर्ल्याला गेलो. समुद्र पाहिला, बंदर पाहिले, काजूच्या सुधारित जाती देणाऱ्या फळसंशोधन केंद्राच्या बागेतून फिरलो. वि. स. खांडेकर ज्या शिरोड्यात १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते ते गाव तिथून जवळच. पण माझे मन अडकले ते तिथल्या जुन्या मिशन दवाखान्याच्या इतिहासात. अमेरिकेतून आलेले डॉ. गोहीन आणि त्यांच्या पत्नी यांनी या किनाऱ्यावर रुग्णसेवा केली. त्यांचा मुलगा रॉबर्ट १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातील राजदूत म्हणून परत आला. मिशनऱ्यांच्या हेतूंविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. मला प्रश्न पडला तो इतकाच, की एक डॉक्टर सात समुद्र ओलांडून ज्या गावी राहायला आला, तिथे मी सव्वाशे किलोमीटर ओलांडून कधी सहज म्हणूनही का गेलो नाही?

अशी मधली गावे जगात सर्वत्र आहेत. जुन्या मटेरिया मेडिकाच्या पुस्तकांत 'जलाप' नावाचे एक तीव्र रेचक असे. आपल्यातील ज्येष्ठांना ते आठवत असेल. ते नाव मेक्सिकोतील शालापा या गावावरून पडले. शालापा हे डोंगर आणि वेराक्रूझचे बंदर यांच्या मध्ये वसलेले शहर. बंदरावर पीतज्वराची साथ असे, म्हणून अठराव्या शतकात जहाजांतून आलेल्या मालाची मोठी जत्रा बंदरावर न भरवता या वरच्या गावात भरवीत. आज मेक्सिकोला जाणारे प्रवासी समुद्रकिनाऱ्यांकडे धावतात, आणि हे शहर वाटेवरचे राहते. औषधाचे नाव आपण पाठ केले, गावाचे नाव विसरलो. वैद्यकात हे वारंवार होते. रोग लक्षात राहतो आणि रोगी जिथून आला ते गाव विसरले जाते.

यावर काही मित्र म्हणतील, हे सर्व ठीक, पण सहलीला कुटुंब येते, मुलांना समुद्र हवा, गोवा तो गोवाच. मला हे मान्य आहे. मी गोव्याला जाऊ नका असे म्हणत नाही. जाताना दोन रात्री सावंतवाडीला घालवा एवढेच म्हणतो. दुसरे कोणी म्हणतील की आता सिंधुदुर्गात परिस्थिती बदलली आहे. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ पासून कोकण रेल्वे धावते, २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि त्याच वर्षी ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले; मग आपली गरज काय? हा आक्षेप खरा आहे आणि आनंदाचाही आहे. तिथल्या रुग्णाला तिथेच उपचार मिळावेत हेच योग्य. मात्र महाविद्यालय निघाले म्हणून लेकी आपल्या वडिलांना जवळ बोलावून घेणे थांबवणार नाहीत, आणि नातेसंबंध आहेत तोवर रुग्ण घाट चढत राहणार. शिवाय तिथे चांगले सहकारी वाढत असतील तर त्यांच्याशी ओळख ठेवण्याचे कारण कमी होत नाही, वाढतेच.

आणखी एक आक्षेप मी स्वतःच घेतो. आंबोलीत पावसाळ्याच्या रविवारी जे चालते ते पाहिल्यावर 'आणखी माणसे येऊ नयेत' असेच कुणालाही वाटेल. रिकाम्या बाटल्या, रस्त्यात उभ्या केलेल्या गाड्या, मोठ्याने लावलेली गाणी. त्या गाड्यांतील बऱ्याच पाट्या आपल्याच भागातल्या असतात हे कबूल केले पाहिजे. अशा पद्धतीने जायचे असेल तर न गेलेले बरे. गावाला जाणे म्हणजे तिथे खर्च करून येणे नव्हे. तिथले कोणीतरी आपल्याला नावाने ओळखू लागले म्हणजे आपण तिथे गेलो, असे मी आता समजतो.

म्हणून आपल्या संघटनेसमोर तीन साध्या सूचना ठेवतो. पहिली, यंदाची वार्षिक सहल सावंतवाडी-वेंगुर्ला भागात न्यावी, आणि तीत एक संध्याकाळ तिथल्या डॉक्टर मंडळींसमवेत घालवावी. व्याख्याने नकोत, शेजारी बसून जेवावे आणि एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक घ्यावेत. दुसरी, घाटाखालच्या रुग्णाला घरी सोडताना त्याच्या गावच्या डॉक्टरांच्या नावे एक पानभर सविस्तर पत्र द्यावे. निदान, केलेले उपचार, पुढे काय पाहायचे, आणि अडल्यास थेट कोणाला फोन करायचा, एवढे त्यात असावे. तिसरी, केसपेपरवर वय आणि पत्ता यांच्याखाली एक ओळ वाढवावी: 'रुग्ण कोणत्या वाटेने येतो?' जून ते सप्टेंबर या काळात या एका ओळीवरून फॉलो-अपच्या तारखा ठरवाव्यात. खर्च शून्य आहे.

मी हे माझ्यापुरते सुरू केले आहे. 'दुसऱ्या कुणालाही पट्टी सोडू देऊ नका' हे वाक्य मी आता उच्चारत नाही. त्याऐवजी विचारतो, "तुमच्या गावात डॉक्टर कोण?" पहिल्यांदा हा प्रश्न विचारला तेव्हा रुग्ण बिचकतो, त्याला वाटते मी त्याला टाळतो आहे. मग मी समोरच त्या डॉक्टरांना फोन लावतो. दोघांचे बोलणे ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते ते औषधाने येत नाही.

आजोबा नंतरही येत राहिले, पण वर्षातून दोनदाच. बाकीचे ड्रेसिंग आणि साखरेच्या तपासण्या घाटाखालच्या त्या व्यवसायबंधूंनी सांभाळल्या. दुसऱ्या पायाला पुढे एक छोटी जखम झाली तेव्हा त्यांचा मला फोन आला, भर पावसात, घाटात झाडे पडलेली असताना. आम्ही दोघांनी फोनवर ठरवले, त्यांनी तिथे केले, आणि तो पाय शाबूत राहिला. दिवाळीनंतर आजोबा भेटायला आले ते काजूगराची पिशवी घेऊन. बसता बसता म्हणाले, "डॉक्टरांनू, अवंदा घाट बंद होतो, पण काय अडला नाय."